कामाच्या दौऱ्यातील दुबई

कार्यालयीन कामासाठी दुबईला गेलेल्याच्या वाट्याला मोकळा वेळ येतो तो बहुधा संध्याकाळचाच, आणि जुन्या बाजारांच्या दृष्टीने ती वेळ सोयीचीही ठरते, कारण तेथील अनेक दुकाने दुपारी बंद राहून चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. खाडीच्या एका काठावर बर दुबई व दुसऱ्या काठावर देरा असून, त्यांच्यामध्ये ‘अब्रा’ नावाच्या लाकडी मोटारनावा अगदी अल्प भाड्यात उतारूंची ने-आण करतात. बर दुबईतील अल फहिदी वस्तीत ‘बर्जील’, म्हणजे चारही बाजूंनी उघडे वायुमनोरे, अजून उभे आहेत. कोणत्याही दिशेचा वारा अडवून तो खालच्या खोलीत उतरवण्याची ही युक्ती पंख्याच्याही आधीची, आणि बुर्ज खलिफाच्या रांगेत घालवण्यापेक्षा ती न्याहाळण्यात गेलेला तास अधिक सत्कारणी लागतो.

देऱ्याच्या सोनेबाजारात सोन्याचा भाव रोज जाहीर होत असल्याने घासाघीस चालते ती मुख्यतः घडणावळीवर, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीवर. खरेदीवर २०१८पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. त्याचा बराचसा भाग पर्यटकाला परत मिळू शकतो, मात्र त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते. खरी गफलत होते ती परतताना: दागिन्यांवरील सीमाशुल्काची भारतीय सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठीच असल्याने चार दिवसांच्या दौऱ्यावरून येणाऱ्याला ती लागू होत नाही, आणि मुंबई विमानतळावर लाल मार्गिकेत सोने जाहीर करून शुल्क भरल्यावर भावातला फायदा कित्येकदा उरतच नाही.