हळदीकुंकू, थापट्या आणि वारकरी

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांवरील लेखाची अपेक्षा असावी. ते विषय माझ्याहून अधिकारी मंडळी हाताळतीलच. निपाणीत पंचवीस-तीस वर्षे दवाखाना चालवताना हिवाळ्यातल्या रविवारच्या सकाळी मी जवाहर तलाव, राकसकोप आणि हिडकलच्या पाणफुगवट्याकाठी घालवल्या. त्या छंदाविषयी चार शब्द लिहावे म्हणतो.

हा छंद आपल्या व्यवसायाला अगदीच परका नाही. १८६२ ते १८६४ या काळात ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध करणारे टी. सी. जर्डन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातले शल्यविशारद होते. पक्ष्यांची ओळख आणि रोगाचे निदान दोन्ही शेवटी निरीक्षणावरच उभी असतात. फरक इतकाच की, इथला रुग्ण नाडी पाहू देत नाही आणि आपण जवळ गेलो की उडून जातो.

नवख्या माणसाला पाण्यावरचे प्रत्येक पाखरू बदकच वाटते. मलाही वाटे. पहिली गोष्ट पाहावी ती रंग नव्हे, बसण्याची ढब. उथळ पाण्यात डोके बुडवून शेपूट वर करणारी बदके पाण्यावर उंच तरंगतात आणि उडताना जागच्या जागी सरळ वर झेपावतात. लालसरीसारखी बुडी मारणारी बदके शेपूट पाण्यालगत ठेवून खोल बसतात आणि उडण्यापूर्वी पाण्यावर धावत सुटतात. एवढे कळले की निम्मे काम झाले.

पुढचे काम आपल्या लोकांनी दिलेल्या नावांनीच सोपे केले आहे. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी दोन तांबडे ठिपके, ते हळदीकुंकू बदक. ते बारमाही इथलेच. फावड्यासारखी पसरट चोच पाण्यावर फिरवणारा तो थापट्या. लांब टोकदार शेपटीचे ते तलवार बदक आणि डोळ्यावर ठळक पांढरी रेघ मिरवणारा नर दिसला की ते भिवई बदक. संध्याकाळी शीळ घालत डोक्यावरून जाणारी ती अडई. तिला पाहण्याचीही गरज नाही, नुसते ऐकावे. नारिंगी अंगाचा चक्रवाक तर आपल्या काव्यातून आधीच परिचित आहे.

मात्र एक मोठी फसगत आहे. विणीनंतर बहुतेक जातींचे नर आपली भडक पिसे टाकून मादीसारखे मातकट होतात. त्या काळात पंखांची मोठी पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. ऑक्टोबरात उत्तरेकडून येणाऱ्या कित्येक नरांच्या अंगावर तोच मातकट वेश असतो. तेव्हा घाईने नाव ठेवण्यापेक्षा डिसेंबरपर्यंत थांबलेले बरे. लक्षणे पुरती उमटण्याआधी निदान लिहून मोकळे होण्याचा मोह आपल्याला नवीन नाही.

त्याच मोहाचा माझा एक किस्सा सांगतो. जानेवारी २०२१. कोरोनाची पहिली लाट ओसरत होती, तोच बर्ड फ्लूच्या बातम्या येऊ लागल्या. हिमाचलातील पाँग धरणावर हजारो पक्षी मेले होते, त्यांत बहुसंख्य पट्टकादंब हंस. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या दगावल्या होत्या. २००६ साली नवापूरला देशातला पहिला प्रादुर्भाव झाला, तेव्हाची कोंबड्यांची कत्तल अनेकांना आठवत होती. अशा दिवसांत जवळच्या एका खेड्यातून एका मुलाचा फोन आला.

“डॉक्टर, तळ्याच्या काठाला काळं पाखरू मेलंय. बदक हाय काय? आमच्या कोंबड्यास्नी लागंल काय?”

समोर रुग्णांची रांग होती. “असेल रानबदक,” असे मी बोलून गेलो. तासाभरात गावात ‘डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरचं बदक मेलंय’ अशी वार्ता झाली. कुणी फटाके लावून सगळी पाखरे उठवू म्हणाले, कुणी बंदूकवाल्याला बोलवा म्हणाले. संसर्ग खरोखर असता, तर उठवलेले थवे तो पुढच्या दहा तळ्यांवर घेऊन गेले असते.

दुपारचा दवाखाना बंद ठेवून मी गेलो. मुलाने लांबूनच काढलेला फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. कपाळावर पांढरा टिळा होता आणि पायाची बोटे पडद्याने जोडलेली नव्हती. प्रत्येक बोटाला पानासारख्या सुट्या झालरी होत्या. बदकच नव्हे ते. पाणकोंबडीच्या कुळातला वारकरी होता. त्याच पायाला मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचा घट्ट वेढा पडला होता आणि मांस काळे पडले होते.

आता गंमत अशी की, ओळख पटली म्हणून धोका टळला असे म्हणता येत नव्हते. वारकऱ्यालाही हा संसर्ग होऊ शकतो. म्हणून ‘काही होत नाही’ हे शब्द मी कटाक्षाने टाळले. कुणी हात लावू नये, कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, पाखरे उठवू नयेत, इतके सांगून पशुवैद्यकीय खात्याला कळवले. त्यांनी रीतसर नमुना नेला. अहवाल निर्दोष आला. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत अकरा वर्षांच्या एका मुलाचा एच५एन१ने मृत्यू झाला, तो देशातला पहिला मानवी बळी. ती बातमी वाचताना त्या गावचा काठ आणि फोटो काढणारे ते पोर माझ्या डोळ्यांपुढे आले.

ज्या पट्टकादंबांचे पाँगला हाल झाले, ते पाहायचे असतील तर गदग जिल्ह्यातील मागडी तलाव गाठावा. २०२४ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हा हंस हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाद्वारे केलेल्या नोंदींत सात हजार मीटरहून अधिक उंची आढळली आहे. त्याच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत अमिनो आम्लांचा बदल झालेला आहे आणि त्यामुळे विरळ हवेतला प्राणवायूही ते घट्ट पकडते. आपल्या भूलतज्ज्ञ मित्रांनी हेवा करावा अशी सोय! ज्यांना इतके लांब जमणार नाही त्यांनी घटप्रभेच्या आरोग्यधामाच्या वाटेवर धुपदाळच्या बंधाऱ्याशी थांबावे. तिथले पक्षी अभयारण्य हिवाळी करकोच्यांसाठी प्रसिद्ध आहे.

तो मुलगा आता पदवीच्या वर्गात आहे आणि वहीत नोंदी ठेवतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा पुन्हा फोन आला. मातकट रंगाची एक लहान बदकी आहे. भिवईची मादी की चक्रांगाची? चेहऱ्यावरचे पट्टे ठळक आहेत की शेपटीच्या मुळाशी फिकट रेघ आहे, ते मी विचारले. त्याला खात्रीने सांगता येईना.

“मग तुमीच सांगा की डॉक्टर, काय असंल?”

मी म्हटले, “रविवारी येतो. फोनवर सांगत नाही.”