स्मिथ

इंग्रजी भाषिक समाजांतील एक व्यवसायदर्शक आडनाव. इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ऑस्ट्रेलिया या देशांत ते सर्वाधिक प्रचलित आहे. धातुकाम करणारा कारागीर, विशेषतः लोहार, हा त्याचा मूळ अर्थ. हे आडनाव कोणा एका मूळ पुरुषापासून आलेले नसून निरनिराळ्या गावी स्वतंत्रपणे रूढ झाले. त्यामुळे केवळ नामसाम्यावरून दोन स्मिथ कुटुंबांत रक्तसंबंध मानता येत नाही.

व्युत्पत्ती : प्राचीन इंग्रजीतील ‘स्मिथ’ हा शब्द धातू किंवा लाकूड यांचे काम करणाऱ्यास लावीत, पुढे तो धातुकामापुरता मर्यादित झाला. जर्मन ‘श्मिट’ व डच ‘स्मिट’ ही त्याचीच सजातीय रूपे होत. प्रहार करणे या अर्थाच्या ‘स्माइट’ या क्रियापदापासून तो बनला, ही लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्रास मान्य नाही. डरॅम परगण्यातील एचेआर्ड स्मिथ याचा इ. स. ९७५ च्या सुमाराचा उल्लेख या नावाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी समजला जातो. तथापि तेथे ते वंशपरंपरागत आडनाव नसून व्यक्तीची ओळख पटविणारे उपनाम आहे.

उदय व स्थिरीकरण : नॉर्मन विजयानंतर (१०६६) इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावांची प्रथा प्रथम जमीनदार वर्गात आणि नंतर हळूहळू सामान्यजनांत पसरली. जॉन, विल्यम यांसारखी मोजकीच व्यक्तिनामे सर्वत्र वापरात आल्याने उपनामांची गरज वाढली. गावात शेतकरी पुष्कळ, परंतु लोहार बहुधा एकच असे; म्हणून ‘शेतकरी’ या शब्दाने कोणाची ओळख पटत नसे, ती ‘लोहार’ या शब्दाने तत्काळ पटे. नांगराचे फाळ, नाल व हत्यारे यांसाठी प्रत्येक वस्तीस लोहार लागत असल्याने हे उपनाम देशभर निर्माण झाले. लॅटिन दप्तरांत त्याच व्यक्तीस ‘फाबेर’ असे लिहीत. १३७७, १३७९ व १३८१ या वर्षांच्या डोईपट्टीच्या याद्यांत काहींचे आडनाव एका धंद्याचे व प्रत्यक्ष व्यवसाय दुसराच, अशा नोंदी आढळतात. आडनाव धंद्यापासून सुटून वंशाशी जोडले जात असल्याचा हा पुरावा होय. १४१३ च्या कायद्याने न्यायालयीन आज्ञापत्रांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा व गाव नमूद करणे आवश्यक केले, ते यामुळेच अर्थपूर्ण ठरते. १५३८ पासून चर्चमधील जन्म-विवाह-मृत्यूंच्या नोंदवह्या सुरू झाल्यावर आडनावे अधिक स्थिर झाली.

रूपभेद : ‘स्मिथ’ व ‘स्माइद’ ही लेखनभेदांतून आलेली रूपे असून ‘स्मिथसन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. विशिष्ट कामांवरून गोल्डस्मिथ (सोनार), ॲरोस्मिथ (बाणांची पाती घडविणारा), शूस्मिथ (नाल घडविणारा), नेस्मिथ (सुऱ्या घडविणारा) व सिक्सस्मिथ (विळे घडविणारा) ही आडनावे निर्माण झाली. यांतील शेवटच्याचा ‘सिक्स’ म्हणजे सहा या संख्येशी संबंध नाही.

प्रसार व रूपांतर : अनेक स्मिथांचे पूर्वज इंग्रज नव्हते. १४६५ च्या एका कायद्याने आयर्लंडमधील इंग्रजी अंमलाखालील आयरिश लोकांस नगर, रंग किंवा धंदा दर्शविणारी इंग्रजी आडनावे घेण्यास फर्माविले. त्यात स्मिथचे उदाहरण दिलेले आहे. पुढेही कॅव्हन परगण्यातील अनेक ‘मॅक गावन’ (लोहाराचा मुलगा) कुटुंबे स्मिथ झाली. अमेरिकेत अनेक श्मिट कुटुंबांनी हे रूप स्वीकारले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकारी आगंतुकांची नावे बदलीत, ही समजूत मात्र निराधार आहे. ते जहाजावरील याद्यांच्या आधारे तपासणी करीत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय कुटुंबांची आडनावे अधिकृत दप्तरांत येऊ लागली. ती नेहमीच अखेरच्या मालकाची नसत. २०१० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सु. २४.४ लक्ष स्मिथ होते व त्यांपैकी सु. २३ टक्के कृष्णवर्णीय होते.

वंशावळीतील महत्त्व : लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग व मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विरळ आडनावाच्या पुरुषांत पितृवंशीय वाय-गुणसूत्राचे साम्य पुष्कळ आढळले, स्मिथांतील विविधता मात्र सर्वसाधारण लोकसंख्येइतकीच होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे ताब्यात घेणारा सेनानी लायोनल स्मिथ आणि २८ एप्रिल १८१९ या तारखेसह अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरणारा जॉन स्मिथ यांचे आडनाव एक असले, तरी तेवढ्यावरून त्यांना एका कुळाचे ठरविता येत नाही. स्मिथ घराण्यांची वंशावळ आडनावापेक्षा गाव, पिढ्या व नोंदवह्या यांच्या आधारेच सिद्ध करावी लागते.