मोटार सुरू कां होत नाहीं?



मोटारीच्या यंत्राविषयीं बोलण्याचा अधिकार एखाद्या इंजिनिअरचा. मी पडलों मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेंत ३८ वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तथापि एका जुन्या मोटारीनें उतारवयांत मला जो धडा शिकविला, तो माझ्यासारख्या इतरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून मी आज आपणांपुढें बोलण्याचें धाडस करीत आहें.

माझ्याजवळ २००१ सालीं बनलेली एक लहान पेट्रोल मोटार आहे. माझ्या पत्नीला आठवड्यांतून दोन वेळां डायालिसिससाठीं सकाळीं सात वाजतां तालुक्याच्या गांवीं न्यावें लागतें, आणि त्या सुमारास आमच्या गांवाहून एस. टी. नसते. गेल्या पावसाळ्यांत ही मोटार सकाळच्या वेळीं सुरू होईनाशी झाली. स्टार्टर फिरे, पण इंजिन पेट घेईना. पांचव्या-सहाव्या खेपेस काळा धूर सोडून तें एकदांचें चालू होई. पत्नी दारांत पिशवी घेऊन उभी, आणि मी किल्ली फिरवीत बसलेला! मीं प्रथम नवी बॅटरी घातली. मग प्लग बदलले. तरी गुण येईना, तेव्हां पंधरा दिवसांपूर्वीं ज्या तरुण मिस्त्रीनें मोटारीचें तेल बदललें होतें त्यानेंच कांहीं बिघडविलें असें ठरवून चारचौघांत त्याला नको तें बोललों. पेन्शनीचे साडेचार हजार रुपये गेले, मोटार होती तशीच राहिली. वर्गांत ज्यानें जन्मभर ‘पायरी गाळून उत्तर काढूं नका’ असें बजावलें, त्यानेंच सगळ्या पायऱ्या गाळल्या होत्या.

आतां या पायऱ्या कोणत्या तें पाहूं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आंत ओढली जाणारी हवाच आपल्याबरोबर पेट्रोल ओढून घेई. इंजेक्शनच्या मोटारींत तसें नसतें. टाकींतील विजेचा पंप पेट्रोल दाबानें पुढें लोटतो. हा दाब पुष्कळ गाड्यांत सुमारें ३ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट असतो. इंजिनाजवळ इंजेक्टर नांवाच्या विजेच्या चिमुकल्या तोट्या असतात. त्या सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागापुरत्या उघडतात व पेट्रोलचा फवारा सोडतात. तोटी किती वेळ उघडी ठेवावयाची हें संगणक ठरवितो, आणि त्यासाठीं तो निरनिराळ्या सेन्सरांची साक्ष घेतो. जर्मनींतील बॉश कंपनीची अशी विद्युत्-नियंत्रित रचना १९६७ सालीं फोक्सवागन मोटारींत आली. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाले, तेव्हां ती लहान मोटारींतहि रूढ झाली.

म्हणून पहिला प्रश्न असा : स्टार्टर नेहमींच्या जोमानें फिरतो कीं कण्हत फिरतो? कण्हत असेल तर बॅटरीकडे पाहावें. स्वस्थ बसलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरत असतां हा आंकडा साडेनऊच्या खालीं गेला, तर बॅटरी थकली आहे किंवा तिच्या टोकांवर क्षार चढला आहे असें समजावें. पुष्कळदां टोकें खरवडून घट्ट केलीं तरी काम भागतें. माझा स्टार्टर जोमानें फिरत होता. म्हणजे नव्या बॅटरीचें कारणच नव्हतें.

दुसरा प्रश्न : मोटार थंड असतां अडते कीं तापल्यावर? तापलेलें इंजिन मध्येंच बंद पडून निवेपर्यंत मुळींच सुरू होत नसेल, तर क्रँकचें फिरणें मोजणाऱ्या सेन्सरवर प्रथम संशय घ्यावा. तापून तो मुका झाला म्हणजे संगणकाला इंजिन फिरत आहे हेंच कळत नाहीं, आणि ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद होतात. मोटार सकाळीं अडत असेल तर पुढच्या परीक्षेकडे वळावें.

ही तिसरी परीक्षा सर्वांत सोपी, आणि तिला उपकरण एकच लागतें, तें म्हणजे आपला कान. रस्त्यावर शांतता असतां मोटारींत बसा. किल्ली ‘ऑन’पर्यंतच फिरवा, स्टार्टर फिरवूं नका. बहुतेक गाड्यांत मागच्या बाकाखालून सुमारें दोन सेकंद बारीक घूंघूं ऐकूं येतें व थांबतें. हा पंपाचा आवाज. तो मुळींच आला नाहीं तर फ्यूज, रिले व पंप यांचा विचार करावा. आवाज आला तर किल्ली बंद करून पुन्हां ‘ऑन’ करा. असें तीन वेळां करा आणि मग स्टार्टर फिरवा. एरवीं सहा खेपा घेणारी मोटार आतां पहिल्याच खेपेस सुरू झाली, तर रात्रींत पेट्रोलचा दाब कोठें तरी गळून जातो हें जवळजवळ ठरलेंच.

हा दाब तीन वाटांनीं गळतो. पंपाची उलट-प्रवाह अडविणारी झडप सैल झाली, तर पेट्रोल टाकींत परत उतरतें. मोटार सुरू झाल्यावर मात्र कांहीं तक्रार राहत नाहीं. इंजेक्टरचें तोंड ठिबकत असेल, तर एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल सांचतें व त्याचा प्लग ओला निघतो. तिसरी वाट प्रेशर रेग्युलेटरची. जुन्या गाड्यांत इंजेक्टरांच्या नळीवर ही लहानशी डबी असते. तिच्यांत रबरी पडदा असतो, आणि तिच्यापासून एक बारीक नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेकडे जाते. पडदा फाटला तर त्या नळींतून पेट्रोल हवेंत मिसळतें. मोटार पेट्रोल अधिक खाते व धूर काळा येतो. इंजिन बंद करून ती बारीक नळी काढून पाहावी. ती कोरडी असली पाहिजे.

दाब शाबूत असेल तर साक्षीदार तपासावे. पाण्याचें तपमान सांगणारा सेन्सर हा त्यांतला मुख्य. पुष्कळ गाड्यांत त्याचा विरोध २० अंशांस दोन ते तीन हजार ओहम, आणि ८० अंशांस तीनशेंच्या आसपास असतो. साधा मल्टीमीटर लावून हें पाहतां येतें. थंड इंजिन तापलेलें आहे अशी खोटी साक्ष त्यानें दिली, तर संगणक पेट्रोल हात राखून देतो आणि इंजिन उपाशी राहतें. उलट, तापलेलें इंजिन गार आहे असें सांगितलें, तर तें पेट्रोलनें न्हाऊन निघतें.

एक्सिलरेटरहि बोलका असतो. तो किंचित् दाबल्यावर मोटार सुरू होत असेल, तर मंद गतीच्या वेळची हवेची वाट काजळीनें भरली असावी. तो पूर्ण दाबून स्टार्टर फिरविला असतां पुष्कळ गाड्यांत संगणक पेट्रोल बंद ठेवतो व सिलिंडर कोरडे होतात. त्यानें मोटार सुरू झाली तर आंत पेट्रोल जास्त झालें होतें असें समजावें. समोरच्या फळीवरील इंजिनाचा दिवा लागला नाहीं म्हणून दोषच नाहीं, असें मात्र मानूं नये. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. जें विचारलें नाहीं त्याचें उत्तर संगणक कोठून देणार?

दोन गोष्टी मात्र कधींहि करूं नयेत. दाबाखालची पेट्रोलची नळी, विशेषतः इंजिन गरम असतां, घरीं सोडूं नये; आणि ठिणगी पाहण्यासाठीं प्लगची तार हातांत धरूं नये. तें काम मिस्त्रीचें.

माझ्या मोटारीचें काय झालें? एका पहाटे मीं कान देऊन तीन वेळां किल्ली फिरविली, आणि ती पहिल्या खेपेस सुरू झाली. इंजिन बंद करून रेग्युलेटरची बारीक नळी काढली, तों बोटाला पेट्रोल लागलें. त्या क्षणीं मला जुने प्लग आठवले. ते काजळीनें काळेकुट्ट झाले होते. खरी साक्ष माझ्या हातांत आली होती, आणि मीं ती कचऱ्यांत फेकली होती!

त्याच दिवशीं त्या तरुण मिस्त्रीकडे गेलों आणि ज्या लोकांदेखत त्याला बोललों होतों त्यांतल्या दोघांसमोर त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “राहूं द्या, गुरुजी. गाडी आणा.” त्यानें दाबाचें घड्याळ जोडलें. पंप थांबतांच कांटा भराभर खालीं उतरला. नवा रेग्युलेटर बसला, त्याला नव्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाहि खर्च आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पावणेसातच्या आंत आम्ही दवाखान्याच्या दारांत होतों.

यंत्र रागावत नाहीं कीं दगा देत नाहीं. तें प्रत्येक वेळीं खरें तेंच सांगत असतें; आपण त्याला क्रमानें प्रश्न विचारले पाहिजेत, आणि उत्तर येईपर्यंत पैशाच्या पिशवीला व जिभेला गांठ मारून ठेवली पाहिजे.