झूल आणि पांघरूण

जनावराच्या पाठीवर टाकायच्या वस्त्राला मराठीने मोठे गोड नाव दिले आहे. झुलते ती झूल! पोळ्याच्या दिवशी बैलावर आरशांची रंगीबेरंगी झूल चढते, दसऱ्याला घोड्यावर जरीची चढते, आणि मुलेच काय, घरातली वडीलधारी मंडळीही गॅलरीत येऊन उभी राहतात. परंतु ही झूल असते बघणाऱ्यांसाठी. ज्याच्या पाठीवर ती पडते त्याला तिचे सौंदर्य दिसत नाही. त्याला फक्त उकडते. जनावराच्या स्वतःच्या सुखासाठी जे घालायचे ते पांघरूण. झूल निवडताना आपण रंग पाहतो. पांघरूण निवडताना काय पाहायचे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

‘दिवाळी अंकात घोड्याच्या पांघरुणाची चर्चा कशाला?’ असे आपण विचाराल. आपल्या दारात घोडा नाही, हे मलाही मान्य आहे. पण आपला आणि घोड्याचा संबंध संपलेला नाही. मुले माथेरानला घोड्यावर बसण्याचा हट्ट धरतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी फेरी मारतात, आणि घरात लग्न निघाले की नवरदेवासाठी घोडी ठरवावीच लागते. या घोड्यांची पाठ आपण भाड्याने घेतो. त्या पाठीवर पावसाळ्यात काय असते, एवढे जाणून घेणे काही गैर नाही.

मला या विषयात ओढले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. व्याकरणात त्याचे मन कधी रमले नाही. घोड्यांत मात्र रमले. पैठण रस्त्याला त्याची थोडी शेती आहे, तिथे त्याने दोन घोडे बाळगले आहेत. त्यांतले एक भीमथडी तट्टू. २०२४ साली राष्ट्रीय पातळीवर भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली, तेव्हा त्याने मला पेढे आणून दिले होते! ज्येष्ठात तो एक जाडजूड विलायती सूचिपत्रक घेऊन आला आणि म्हणाला, “सर, पावसात घोड्यावर घालायचं पांघरूण घ्यायचंय. पंधरा-वीस प्रकार आहेत. यातलं टिकाऊ कोणतं ते एवढं वाचून सांगा.”

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, “घोड्याला रेनकोट? अहो, माझ्या छत्रीची मोडलेली काडी चार महिने झाले तशीच आहे!”

छत्रीचा प्रश्न पुढे ढकलून आम्ही सूचिपत्रक उघडले. पुढे एका पशुवैद्य स्नेह्याचीही गाठ घेतली. त्या दोन-तीन बैठकींतून जे समजले, ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट आपल्याच भाषेत सापडली. घोडा आणि पाऊस यांचा विचार या मुलखाने पूर्वी केलाच नव्हता, असे नाही. आमचे हे शहर मूळचे खडकी. १६१० साली मलिक अंबरने ते राजधानी म्हणून वसवले, आणि त्याच्या गनिमी काव्याची सारी मदार चपळ घोडदळावर होती. पुढे मराठ्यांच्या फौजा पावसाळ्याच्या तोंडाशी मोहीम थांबवून छावणी करीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. छावणी हा शब्दच पाहा. छावणे म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. घोड्याचे पहिले आणि सर्वांत चांगले पावसाळी वस्त्र म्हणजे डोक्यावरचे छप्पर, हे त्या शब्दातच आले आहे. ज्याच्याकडे कोरडा गोठा आहे, त्याने पांघरुणाआधी गोठ्याचे पत्रे तपासावेत.

छप्पर सोडून बाहेर पडणाऱ्यांसाठी दुसरा उपाय होता घोंगडीचा. दख्खनी मेंढीची राठ लोकर, आणि विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ! मेंढरांबरोबर रानोमाळ हिंडणारा धनगर स्वतः ती पांघरतो आणि तट्टावर बिऱ्हाड लादतानाही ती उपयोगी पडते. लोकरीचा गुण असा, की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके पाणी पिऊनही ती अंगाला ओली लागत नाही, आणि ऊब धरून ठेवते. मात्र झड लागली, की भिजलेली घोंगडी जडशीळ होते आणि लवकर वाळत नाही. घटकाभराच्या सरीला ती पुरेशी आहे. दोन दिवसांच्या संततधारेला नाही.

मग प्रश्न येतो, घोड्याला पांघरूण लागतेच का? आपल्याला थंडी वाजली की घोड्यालाही वाजत असेल, ही आपली माया झाली. साधारण ५ ते २५ अंश सेल्सियस या टप्प्यात धडधाकट घोड्याला ऊब टिकवण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. थंडीत त्याचे केस उभे राहतात, त्यांत हवा अडकते आणि तीच त्याची रजई होते. केसांवर नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे हलक्या सरीचे पाणी वरच्यावर निथळून जाते. शिवाय त्याच्या पोटात एक शेगडी आहे! खाल्लेला कडबा आणि गवत मोठ्या आतड्यात आंबते, आणि त्यातून सतत उष्णता निघत राहते. थंडीच्या रात्री एक पेंढी जास्त टाकणे, हे अनेकदा पांघरुणापेक्षा स्वस्त आणि गुणकारी ठरते.

ही व्यवस्था बिघडते ती पाऊस आणि वारा एकत्र आले म्हणजे. केस मुळापर्यंत भिजून चपटे झाले की रजई गेली! अशा वेळी म्हातारा, रोडावलेला किंवा आजारातून उठलेला घोडा, अंगावरचे केस कातरलेला घोडा, आणि आडोसा नसलेल्या रानात बांधलेला कोणताही घोडा, यांना पांघरूण खरोखर हवे.

आता सूचिपत्रक. अशा पांघरुणाला तिकडे ‘टर्नआउट रग’ म्हणतात. म्हणजे कुरणात मोकळे सोडताना घालायचे. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने रबराच्या कापडाचे पेटंट घेतले आणि माणसाला पावसाळी कोट मिळाला. घोड्यासाठी बाहेरून जाड कॅनव्हास आणि आतून लोकरीचे अस्तर असलेली ‘न्यूझीलंड रग’ पुष्कळ वर्षे वापरात होती. ती मजबूत खरी, पण भिजली की उचलायला दोन माणसे लागत. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायलॉन आणि पॉलिएस्टरने तिची जागा घेतली.

या नव्या कापडांचा टिकाऊपणा ‘डेनियर’मध्ये सांगतात. ९००० मीटर लांब धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. ६००, १२०० आणि १६८० हे नेहमीचे आकडे. एकटा, शांत स्वभावाचा घोडा असेल तर ६०० पुरते. शेजारी दुसरा खोडकर घोडा असेल, तो दातांनी ओढत असेल, किंवा कुंपणाला बोरी-बाभळी असतील, तर १२००च्या खाली जाऊ नये. मात्र नुसत्या आकड्यावर भुलू नये. वीणही पाहावी. ठराविक अंतरावर जाड धागे घालून चौकटी विणलेल्या असतील, तर काट्याने पडलेले भोक पुढे फाटत जात नाही.

पाणी अडवण्याची परीक्षा वेगळी. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि पाणी पाझरू लागेपर्यंत तो किती मिलिमीटर चढतो ते मोजतात. ३०००चा आकडा चांगला समजतात. पण पाणी आत येऊ न देणारे कापड घामाची वाफ बाहेर जाऊ देते की नाही, हे त्याहून महत्त्वाचे. प्लॅस्टिकचा कोट घालून आपण सायकलवरून कॉलेजात पोहोचतो, तेव्हा बाहेरून कोरडे आणि आतून चिंब असतो. घोड्याला तर आपल्यासारखाच अंगभर घाम येतो! म्हणून साधी ताडपत्री कापून पाठीवर बांधणे हा उपाय नव्हे. वाफ जाऊ देणारे, आतून गुळगुळीत अस्तराचे कापडच घ्यावे. पाठीच्या कण्यावरून शिवण गेलेली नसावी, कारण पाणी पहिल्यांदा शिरते ते सुईच्या भोकांतून. इतर शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी. शंका असेल तर घरीच परीक्षा घ्यावी: पांघरुणाची खोळ करून त्यात तांब्याभर पाणी ओतावे, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे आणि सकाळी पाहावे.

सूचिपत्रकात पुढे भरणाचे आकडे येतात: १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ३०० ग्रॅम. म्हणजे दर चौरस मीटरमागे आत भरलेल्या कृत्रिम कापसाचे वजन. हे बर्फाच्या देशांसाठी आहे. आमच्या मराठवाड्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही दमट उकाड्यात; आणि पौषातल्या रात्री पारा साधारणपणे दहाच्या आसपास उतरतो. इथे पावसाळ्यासाठी भरण नसलेले, शून्य ग्रॅमचे पांघरूणच योग्य. बाकी सारे म्हणजे अक्षरशः खोगीरभरती! या वाक्प्रचाराचा इतका नेमका उपयोग मला वर्गात कधी सापडला नव्हता.

सर्वांत जास्त घोटाळा होतो मापात. फीत छातीच्या मध्यापासून धरून, खांद्यावरून सरळ मागे, मांडीच्या मागच्या टोकापर्यंत न्यावी. विलायती उंच घोड्याला साडेसहा फुटांच्या आसपासचे माप लागते. आपली तट्टे त्याहून पुष्कळ लहान. मोठे घेतले तर ते एका बाजूला घसरते आणि पाय अडकून घोडा पडतो. लहान घेतले तर मानेच्या बुडाशी, पाठीचा उंचवटा सुरू होतो तिथे, आणि खांद्यावर ते घासते. प्रथम केस जातात, मग कातडे. खांद्याजवळ हालचालीला चुणी हवी, शेपटीवर झाप हवी, आणि पोटाखालच्या पट्ट्यांत हाताचा पंजा सहज जाईल एवढी ढिलाई हवी.

विकत घेतल्यावर ते टिकवणे आपल्या हाती. कपड्याच्या साबणाने धुतले की वरचा पाणी झटकणारा लेप उतरतो; म्हणून चिखल वाळू द्यावा, ब्रशने झाडावा आणि साध्या पाण्याने धुवावे. सावलीत वाळवावे, उंदरांपासून जपावे. फाटले तर तंबू शिवणाऱ्या कारागिराकडून ठिगळ लावून घ्यावे. ऐपत असेल तर एका भारी पांघरुणापेक्षा दोन मध्यम बरी. झडीच्या दिवसांत एक वाळत असताना दुसरे अंगावर असते, आणि ओले पांघरूण पुन्हा चढवण्याची वेळ येत नाही.

एवढे सारे पाहून माझ्या विद्यार्थ्याने १२०० डेनियरची, भरण नसलेली दोन पांघरुणे घेतली. पण पशुवैद्य स्नेह्यांनी त्याला शेवटी जे सांगितले, ते मला सूचिपत्रकातल्या सर्व आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते. ते म्हणाले, “घालायला शिकलास, आता काढायला शीक. रोज एकदा पांघरूण पूर्ण उतरव आणि उघड्या अंगावरून हात फिरव.”

आपल्या भाषेत ‘पांघरूण घालणे’ याचा दुसरा अर्थ आपण जाणतोच. दोष झाकणे! घोड्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पांघरुणाखाली बरगड्या वर येतात, खांदे सोलवटतात, आणि वरून सगळे व्यवस्थित दिसते. सतत ओल्या राहिलेल्या कातडीत ‘डर्माटोफिलस’ नावाचे जंतू वाढतात, खपल्या धरतात आणि त्या उचलल्या की केसांचे झुबकेच्या झुबके त्यांच्याबरोबर येतात. त्याच कातडीवर कोणी जीन कसले, तर प्रत्येक पावलाला काय होत असेल, याची कल्पना करावी. श्रावणात दिवसातून चारदा ऊनपाऊस होतो. ऊन पडताच पांघरूण उतरलेच पाहिजे. जो मालक ते उतरवायला आळस करतो, त्याने ते न घालणेच बरे.

आता तुळशीचे लग्न लागेल आणि पाठोपाठ माणसांचे मुहूर्त निघतील. घोडी ठरवायला जाल तेव्हा भाडे विचाराल, बँड विचाराल, झुलीचा रंग शालूशी जुळतो का तेही पाहाल. त्याच वेळी घोडीवाल्याला सौम्यपणे सांगावे, “जरा झूल उचला, पाठ बघू द्या.” ज्याची घोडी निकोप आहे तो कौतुकाने उचलून दाखवील, त्याला दोन रुपये जास्त द्यावेत. जो टाळाटाळ करील, त्याच्या झुलीवर कितीही जर असली, तरी दुसरीकडे चौकशी करावी.