संगणक-जाळ्याची देखरेख : एसएनएमपीचा परिचय

महाविद्यालयातील इंटरनेट मंदावले की पहिला राग सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर निघतो. वास्तविक दोष पुष्कळदा आपल्याच इमारतीतील स्विचमध्ये असतो. एक इमारत हुबळीत व दुसरी धारवाडात असेल, तर तंत्रज्ञ वीस किलोमीटर येईपर्यंत तासिका बुडते.

यंत्र चालू आहे की नाही, एवढे 'पिंग' (१९८३) सांगते. त्यापुढील माहितीसाठी १९८८ मध्ये 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', म्हणजेच एसएनएमपी, आला. स्विच, राउटर, प्रिंटर यांत 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. 'मॅनेजर' संगणक त्याला ठरावीक वेळाने प्रश्न विचारतो. उदाहरणार्थ, या जोडणीतून आजवर किती बाइट आले? पाच मिनिटांत हा आकडा साडेसात कोटींनी वाढला, तर सेकंदाला अडीच लाख बाइट, म्हणजे २ मेगाबिट वापर झाला. जोडणीच २ मेगाबिटची असेल तर ती भरली आहे. १०० ची असूनही काम रखडत असेल तर अडथळा अन्यत्र शोधावा.

हीच वजाबाकी करून आलेख काढणारे 'एमआरटीजी' टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात लिहिले. तेथील बाहेरची वाहिनी अवघी ६४ किलोबिटची होती! हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे.

मात्र पहिल्या दोन आवृत्त्यांत 'कम्युनिटी' (येथे अर्थ समाज नव्हे, परवलीचा शब्द) उघड अक्षरांत जाते. अनेक यंत्रांत ती मुळातच 'पब्लिक' असते. बदल करण्याची 'प्रायव्हेट' तशीच राहिली, तर प्रयोगशाळेतील विद्यार्थीही पोर्ट बंद करू शकतो. तिसऱ्या आवृत्तीत माहिती सांकेतिक करण्याची सोय आहे. जुन्या यंत्रांत ती नसल्यास निदान बदलाची परवानगी काढून घ्यावी.