कनात : उताराच्या हिशेबावर चालणारे पाणी

कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्याखालचे भूजल नुसत्या उताराच्या बळावर गावापर्यंत आणणारे भुयार. इराणच्या पठारावर पाऊस तुटपुंजा आणि ऊन कडक. उघड्या पाटाने आणलेले पाणी वाटेतच आटते, म्हणून तिथल्या लोकांनी ते दोन हजारांहून अधिक वर्षे जमिनीखालून आणले. या पाण्याला मोट लागत नाही की रहाट लागत नाही. लागतो तो अचूक उतार, आणि कामाचे सारे कसब त्यातच आहे.

सुरुवात पाण्याच्या शोधापासून होते. डोंगरातला ओढा सपाटीवर उतरतो तिथे त्याने आणलेल्या वाळू-गोट्यांचा जाड थर साठलेला असतो आणि पावसाचे, वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यात मुरते. झाडोरा आणि मातीची ओल पाहून जाणकार जागा ठरवतात व चाचणीची विहीर खणतात. पाणी लागले की ते उपसायचे आणि पुन्हा किती भरते ते पाहायचे. आवक भरवशाची निघाली, तर तीच कनातीची मूळ विहीर. इ.स. 1017 च्या सुमारास करजी या गणितज्ञाने भूमिगत पाण्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. पाण्याच्या खुणा कशा ओळखाव्यात आणि पातळी कशी मोजावी, हे दोन्ही त्यात आहे.

पातळी साध्या दोरीनेही काढता येते. मूळ विहिरीत पाण्यापर्यंत दोरी सोडून तेवढ्या लांबीवर खूण करतात. मग गावाच्या दिशेने टप्प्याटप्प्याने जमीन किती उतरली ते मोजत, तेवढी लांबी दोरीतून वजा करत जातात. दोरी संपते तिथली जमीन आणि विहिरीतले पाणी एका पातळीत असते. भुयाराचे तोंड त्याहून खाली धरले, की पाण्याला उतार मिळतो. लांब कनातीत हा उतार हजार मीटरला जेमतेम एक मीटर असतो. जास्त दिला तर वाहते पाणी भुयाराचा तळ कुरतडते, कमी दिला तर गाळ बसतो.

खोदकाम तोंडाकडून मूळ विहिरीकडे, म्हणजे खालून वर चालते. पाणी लागेल ते मागे वाहून जाते आणि खणणारा बुडत नाही. या कारागिराला मुकन्नी म्हणतात. भुयार माणूस वाकून जाईल एवढेच, त्यामुळे तो आखूड कुदळीने खणतो. माती मागचा साथीदार चामडी पोहऱ्यात भरतो आणि वर लाकडी चरखीवरचे गडी ती ओढून घेतात. त्यासाठी वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडलेल्या असतात. हवाही त्यांतूनच येते. वर आलेली माती विहिरीच्या तोंडाभोवती गोल रचतात, म्हणजे पावसाचा लोंढा आत शिरत नाही. दिशा राखायला मुकन्नी मागे तेलाचे दोन दिवे ठेवतो. वळून पाहताना ते एका रेषेत दिसले, तर भुयार सरळ आहे. ज्योत मंदावली तर हवा बिघडली, बाहेर पडायचे. भुसभुशीत मातीत भाजलेल्या मातीची लंबगोल कडी बसवून छत धरतात, तरीही ढासळून माणसे गेली आहेत. अशा जोखमीवर आणि हातांच्या बळावर गोनाबादची कनात सुमारे 33 किलोमीटर लांब खणली गेली. तिची मूळ विहीर 300 मीटरहून खोल आहे. या कारागिरांचा मान राजवाडे बांधणाऱ्यांहून कमी मानता येणार नाही.

कनात खणून झाली तरी काम संपत नाही. गाळ काढणे, पडझड सावरणे पिढ्यानपिढ्या चालते. पाणी वाटण्यासाठी गावाचा मीराब असतो, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. पाणपाळी मोजायला मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तळाला छिद्र असलेली वाटी तरंगत ठेवत. ती भरून बुडाली की एक माप होई. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात ठेवले जाणारे घटिकापात्र याच तत्त्वावर चालते.

यझ्दसारख्या शहरात पायऱ्या उतरून घराखालच्या कनातीपर्यंत जाता येते. उन्हाळ्यात शहरातला सगळ्यात गार कोपरा तोच. मेहरिझच्या पहलवानपूर बागेतल्या पाटाला कनातीचेच पाणी आहे. पाटांनी विभागलेल्या अशा बागांचे आराखडे इराणी गालिच्यांतही विणले गेले.

ही विद्या दख्खनेतही रुजली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, या शहरासाठी भूमिगत नहर बांधली. ती नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीव्यवस्थाही त्याच काळातली.

इराणात कनातीमागे कायद्याचेही बळ होते. पाणी नसलेल्या जमिनीला पाणी आणून देणाऱ्याला तिथल्या राज्यकर्त्यांनी पाच पिढ्या ती कसण्याचा हक्क दिल्याचे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवले आहे. पुढे इस्लामी कायद्याने कनातीभोवती ठरावीक अंतरात दुसरी विहीर खणायला मनाई केली. कनात स्वतःच्या पातळीखालचे पाणी खेचूच शकत नाही. जमीन देईल तेवढेच घेते. विसाव्या शतकात खोल विहिरी आणि पंप आले, भूजल भुयाराच्या तळाखाली गेले आणि असंख्य कनाती कोरड्या पडल्या. युनेस्कोने 2016 मध्ये इराणच्या 11 कनाती जागतिक वारसा यादीत घेतल्या.