जुनी होडी घरी दुरुस्त करताना



खाडीकाठच्या गटांकडून हल्ली एकच विचारणा येते. पर्यटकांना फिरवायला होडी हवी, नवी परवडत नाही, मग जुनी घेऊन घरी दुरुस्त केली तर? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवन सफर चालवतात, हे ऐकल्यापासून तर जास्तच. त्यांची होडी वल्ह्याची. मी आज बोलणार आहे मशीनच्या होडीबद्दल. शेजारच्या वाडीतल्या सहा मैत्रिणींनी 18 फुटी जुनी फायबरची होडी घेतली आणि जानेवारी ते एप्रिल एकीच्या मांगरात तिच्यावर काम केलं. हिशेब लिहायला मी जात होते. तिथे पाहिलं, शिकले, ते सांगते.

होडी आणली त्याच दिवशी रंग कुठला द्यायचा यावर चर्चा सुरू झाली. तेव्हा त्या घरातली म्हातारी आजी म्हणाली, “रंग मगे लावा गो, आधी पाटली फळी बघा.” अगदी बरोबर बोलली.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, म्हणजेच मॅट, रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिलेली. लाकडी होडीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडावं लागतं, फायबरला ती कटकट नाही. म्हणून आपल्याला वाटतं, तिला काही होतच नाही. पण जिथे मशीन टांगतात त्या मागच्या उभ्या फळीत बहुतेक वेळा फायबरच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. बाहेरून चकचकीत, आत भुसा. मशीनचं वजन आणि जोर दोन्ही त्याच फळीवर. भर खाडीत ती फाटली, तर मशीन जाईल आणि होडीत पाणी शिरेल.

तपासायची रीत सोपी आहे. फणस तयार झाला का ते आपण थापटून बघतो ना, तसं लहान हातोडीने फळीभर ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर संशय. एखादा खालचा बोल्ट काढून पाहायचा. तपकिरी पाणी आलं तर आत कूज आहेच. विकत घेण्याआधी एवढं करा, भावही उतरतो. या मैत्रिणींच्या होडीची फळी अर्धी गेली होती. ती कापून आतलं ओलं लाकूड काढलं, पूर्ण वाळू दिलं आणि आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय बसवला. हे मुख्य काम फायबरच्या कारागिराकडून करून घेतलं. मजुरी गेली, पण माझ्या मते गटाचा सर्वांत योग्य खर्च तोच.

बाजूच्या भेगा मात्र त्यांनी स्वतः भरल्या. भेगेवर नुसता थर चिकटवून चालत नाही. भोवतीचं फायबर घासून लांबट उतार करायचा, जाडीच्या साधारण बारापट. जाडी 5 मिलिमीटर असेल तर उतार 6 सेंटिमीटर. मग नवा थर जुन्याला धरतो. रेझिनमध्ये हार्डनर वजनाने 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 ग्रॅम, डब्यावरची सूचना वाचून. उन्हाळ्यात कमीकडे राहावं, नाहीतर डब्यातच दगड होतो. दमट हवेत थर नीट सुकत नाही, म्हणून हे पावसाळ्यातलं काम नाही.

आता कान देऊन ऐका. काही रेझिनमध्ये कोबाल्ट वेगळं घालावं लागतं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, आग लागते, स्फोट होऊ शकतो. मी तर म्हणेन, दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा; ती बाटली घरात नकोच. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा हवाच. चूल, विडी लांब. साधा कापडी मास्क रेझिनची वाफ अडवत नाही, रसायनाच्या वाफेसाठीचा मास्क घ्या. घासताना पदर खोचून नव्हे, सलवार-कमीज किंवा गाऊनवर घट्ट शर्ट घालून, केस बांधून. गरोदर बाई आणि मुलं मांगराबाहेर.

पाण्याने भरली की फायबरची होडी बुडते. म्हणून बाकांखाली तरंगणारा फोम बंद करून ठेवतात. 1 लिटर आकाराचा फोम जवळपास 1 किलो भार उचलून धरतो. स्वस्त म्हणून थर्माकोल आणला होता, पण रेझिन लागताच तो विरघळतो आणि पेट्रोलनेही. मग पीयू फोम आणला.

पत्र्याचं छप्पर हवं असा एकीचा हट्ट होता. डोक्यावर दोन हंडे असताना तोल कसा राखावा लागतो ते आपल्याला सांगायला नको. होडीचंही तेच, वजन वर गेलं की ती कलंडायला बघते आणि उंच छपराला वारा धरतो. शेवटी हलक्या पाइपांवर कापड ताणलं. मला आवडलेला बदल मात्र दुसराच. साडी नेसलेल्या बाईला चढता यावं म्हणून आत एक बुटकी पायरी, शेजारी धरायला दांडा, आणि पाय घसरू नये म्हणून तळाच्या शेवटच्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवलेली.

मशीन 9.9 अश्वशक्तीचं, जुनंच. ते खाडीचं पाणी ओढून थंड होतं आणि मागून एक बारीक धार सोडतं. धार थांबली की मशीन ताबडतोब बंद. मांगरात चालू करायचं तर पाण्याच्या पिंपात बुडवूनच. आतला रबरी पंखा त्यांनी नवा घातला. गिअरचं तेल ताकासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलंय. लाल दोरी चालवणारीच्या मनगटाला बांधलेली हवी. ती पडली तर दोरी निसटून मशीन बंद पडतं.

आणि कागद. प्रवासी घ्यायचे तर नोंदणी आणि तपासणी लागतेच, 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यातही ते आहे. बदल करण्याआधीच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात विचारून या. किती माणसं बसवायची ते तिथे ठरतं, आपण नाही ठरवायचं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, चालवणारीलासुद्धा.

या सहा जणींनी वाळूच्या पोत्या माणसांच्या जागी ठेवून, किनाऱ्यालगत, ओहोटी नसताना होडी फिरवून पाहिली. तपासणी अजून व्हायची आहे. रंगाचा वाद मात्र मिटलेला नाही. तिघी निळ्याच्या बाजूने आणि तिघी पिवळ्याच्या.